लोखंड्याचं पाऊल

दाताच्या डॉक्टरकडे जायला तीन मजले चढावे लागत, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला मागून तो आवाज आला. टप. लगेच सर्र, आणि खट्. तिचे पाय जागच्या जागी थांबले आणि अंग आपोआप भिंतीला लागलं, कठड्याची बाजू मोकळी सोडून. गेल्या तेवीस वर्षांत असं बाजूला व्हायची वेळ आली नव्हती, पण अंगाला हिशेब कोण समजावणार. वर आली ती सात-आठ वर्षांची एक मुलगी. एक पाय ताठ ठेवलेला, त्याला छत्री टेकवून धरलेली, मान खांद्यांत गेलेली, नजर समोर कुठेतरी. मागून तिची आई धापा टाकत येत होती. "अगं नीट चाल ना, काकूंना वाट दे." मुलगी मान न वळवता एका सुरात म्हणाली, "मी लोखंड्या आहे. मी आता कोणाचंही ऐकत नाही." आई ओशाळून हसली. "त्या जुन्या मालिकेचं वेड लागलंय हो सगळ्या वर्गाला. मोबाइलवर सापडते ना आता. यंत्रं माणसांवर उलटतात ती." ती म्हणाली, माहीत आहे. आणि मग तिने जे केलं त्याचं तिला पुढचे चार दिवस नवल वाटत राहिलं. ती मुलीकडे वाकली आणि म्हणाली, "चुकतंय तुझं. पहिल्या पावलानंतर थांबायचं असतं. टप. मग थांब. मनात एक म्हण. आणि मग दुसरा पाय ओढून घे." मुलीने करून पाहिलं. टप. सर्र, खट्. अगदी हुबेहूब. मुलगी खुशीत पुढे निघून गेली, तिची आई "थँक यू हं" म्हणाली, आणि ती मात्र वळणावर कठडा धरून उभी राहिली. आपल्या बापाची नक्कल कशी करायची ते आपण आत्ता एका पोरीला शिकवलं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा दुखरी दाढ कुठली तेसुद्धा तिला आठवेना.

लोकांना वाटतं सिनेमातली पावलं ही सिनेमातल्या माणसांची असतात. ती असतात तिच्यासारख्या कोणाची तरी. काळोख्या खोलीत पडद्यासमोर उभं राहून, कधी टाचेचे बूट, कधी फाटक्या चपला घालून, नायिकेबरोबर धावायचं, खुन्याबरोबर दबकत जायचं, लष्कराच्या तुकडीबरोबर एकटीनेच कवायत करायची. छत्तीस वर्षं तिने हेच काम केलं. धंद्यात तिला 'पावलंवाली' म्हणत, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पावलांचा कान तिला लहानपणापासून होता. तो तिला जिन्याने दिला. घर दुसऱ्या मजल्यावर, खालच्या वळणापासून दारापर्यंत सोळा पायऱ्या. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला त्या पायऱ्यांवर बाबांचं पाऊल वाजायचं. बाबा मोठ्या वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम करत. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा पाय गेला होता, म्हणजे होता, पण नसल्यासारखा. त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधलेला असे, गुडघ्याशी बिजागरी, खाली जाड तळाचा बूट. बाबा त्या लोखंडाला 'भाऊसाहेब' म्हणत. भाऊसाहेब आज रुसलेत. भाऊसाहेबांना पाऊस मानवत नाही. जिना चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, टप. मग क्षणभर थांबून सगळं अंग कठड्यावर तोलायचं. मग भाऊसाहेब वर ओढायचे, सर्र, खट्. ती अभ्यास टाकून दाराशी उभी राही. पायऱ्या मोजत राही. चौदा, पंधरा, सोळा, की कडी काढून दार उघडे. दारात बाबा, हातावर वाळलेली खळ, शर्टाला सरसाचा वास, आणि तोंडावर खोटं आश्चर्य. "अरे! कसं कळलं गं मी आलो?" ती म्हणे, "ऐकत होते ना!" रोज हेच. एकाही दिवशी त्यांनी प्रश्न बदलला नाही आणि तिने उत्तर बदललं नाही. तिच्या सबंध लहानपणात त्या आवाजाहून चांगला आवाज दुसरा नव्हता.

दाताच्या डॉक्टरकडून परतली तर फोन. एका जुन्या ओळखीच्या ध्वनिमुद्रकाचा होता. त्या मालिकेवरून आता मोठा चित्रपट निघतोय, म्हणाला. नवी यंत्रं, नवं घर, सगळं नवं, पण पाऊल मात्र तेच हवंय. जुन्या टेपा खराब झाल्यात. "संगणकावर करून पाहिलं, ताई. आवाज निघतो, पण तो लोखंड्या वाटत नाही. मंगळवारी दहाला याल का? फक्त तेवढा जिना." तिने हो म्हटलं. हो का म्हटलं हे तिचं तिलाच कळलं नाही. गुडघे आता आधीसारखे राहिले नव्हते, काम सोडून दोन वर्षं झाली होती, आणि कॅलिपर कपाटाच्या वरच्या खणात जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. त्याला तेवीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

चौतीस वर्षांपूर्वी त्या मालिकेच्या दिग्दर्शकाने तिला असंच बोलावलं होतं. गोष्ट तशी साधी. एका घरात एक यंत्र राबत असतं. झाडतं, पुसतं, मुलांना झोपवतं, शिव्या खातं. एक दिवस त्याला मालक सांगतो, दिवा बंद कर. आणि ते नुसतं उभं राहतं. त्या उभं राहण्यातून बंड सुरू होतं. मग ते जिना चढून वर येतं, वर सगळं कुटुंब पलंगामागे लपलेलं. कॅमेरा दारावर. यंत्र दिसत नाही, फक्त येतं. "मला नुसता खडखडाट नकोय," दिग्दर्शक म्हणाला. "डबे कोणीही वाजवील. हे जे येतंय त्याला मन आहे. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की हे विचार करून पाय टाकतंय." तिने साखळ्या वाजवल्या, तवे आपटले, सायकलचं चाक फिरवलं. तो प्रत्येक वेळी मान हलवी. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, पहिलं मोठं काम होतं, आणि ते हातचं जायला आलं होतं. त्या शनिवारी घरी बसली असताना जिन्यात पाऊल वाजलं. टप. थांबणं. सर्र, खट्. आणि तिने पहिल्यांदाच ते बाबांची लेक म्हणून ऐकलं नाही, पावलंवाली म्हणून ऐकलं. दार उघडायलाही जरा उशीर झाला.

"बाबा, उद्या मला भाऊसाहेब द्याल? एक आवाज घ्यायचाय. चालण्याचा."

बाबा आधी हसले, मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो आठवला की अजून तिचा जीव कासावीस होतो. "माझं चालणं टीव्हीवर?" ते म्हणाले. "ने की! रविवारी मला कुठे जायचंय?" दुसरा कॅलिपर त्यांच्याकडे नव्हता. पोरीला पाय देऊन ते दिवसभर खुर्चीत बसून राहिले. आणि देण्याआधी त्यांनी काय करावं? तर बिजागरीला नीट तेल घातलं. पट्टे पुसले. लोकांत जायचंय भाऊसाहेबांना, कुरकुरायला नकोत. स्टुडिओत पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते रॉकेलच्या बोळ्याने ते तेल पुसून काढायचं. तिला कुरकुर हवी होती. मग तिने कॅलिपर स्वतःच्या पायाला बांधला, डोळे मिटले, आणि बाबा जसे चढत तशी चढली. पण प्रत्येक पायरीवर थोडं जास्त थांबत, थोडं जास्त दाबून. पलीकडच्या खोलीतून दिग्दर्शक बाहेर आला तेव्हा त्याच्या हातावर शहारा होता. "हे कुठून आणलंस?" त्याने विचारलं. ती म्हणाली, सुचलं. सोमवारी बाबा कामावर निघाले तेव्हा भाऊसाहेब कुरकुरले. "यांना आंघोळ कोणी घातली गं?" बाबा म्हणाले. ती नुसती हसली. ते पाऊल कोणाला दिलंय हे तिने सांगितलं नाही. सांगायचं राहिलं, असं ती पुढे स्वतःला सांगत असे. पण राहिलं नव्हतं. तिने टाळलं होतं, आणि हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

बाबांनी मात्र वाचनालयभर सांगून ठेवलं होतं. पाचवा भाग लागायचा त्या संध्याकाळी त्यांनी बांधणी विभागातल्या दोघा सोबत्यांना घरी बोलावलं. आईने खुर्च्या मांडल्या. बाबांनी दाढी केली होती, टीव्हीवर चेहरा नाही, पाऊल येणार होतं तरी. सगळे वाट बघत होते की नायकाचे वडील येतील, एखादा म्हातारा शिपाई येईल, कोणीतरी चालणारा चांगला माणूस येईल. आणि मग काळोखा जिना आला, दार आलं, पलंगामागे तोंडावर हात दाबून बसलेली लहान मुलगी आली, आणि खालून कुठून तरी, टप. शांतता. सर्र, खट्. दोन पायऱ्यांत तिला कळलं की बाबांना कळलं. त्यांचा उजवा हात भाऊसाहेबांवर ठेवलेला होता, तो त्यांनी सावकाश उचलून मांडीवर घेतला. सोबती पडद्याकडेच बघत बसले, बाबांकडे कोणी पाहिना. सोळा पायऱ्या पूर्ण होईपर्यंत खोलीत कोणी हललं नाही. भाग संपला तेव्हा बाबा म्हणाले, "आवाज चांगला आलाय." मग आईला म्हणाले, "अगं, यांना चहा टाक ना."

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी वाचनालयातून चामड्याचा एक तुकडा आणला, जाड पुस्तकांच्या पाठीला लावतात तसला. सरस ऊन केला, आणि भाऊसाहेबांच्या बुटाच्या तळाला आणि टाचेच्या लोखंडाला तो इतक्या सफाईने बसवला की सांधा दिसू नये. बिजागरीला तेल, पट्ट्यांखाली कापड. झिजलं की काढायचं, नवं लावायचं. त्या दिवसापासून बाबांचं पाऊल वाजायचं बंद झालं. साडेसहाला दारावर टकटक होई, आणि उघडलं तर ते उभे. "कसं कळलं" हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारणार तरी कशाला, दार ठोठावल्यावर सगळ्यांनाच कळतं. इमारतीतली पोरं काही दिवस त्यांच्या मागे ताठ पायाने चालली, "लोखंड्या, लोखंड्या" म्हणाली, मग आवाज येत नाही म्हणून कंटाळली. ती मात्र रोज साडेसहाला स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसे. पडद्यावरच्या यंत्राने मोठा गाजावाजा करून बंड केलं. बाबांनी चामड्याच्या एका तुकड्यावर आटोपलं. तू माझं पाऊल घेतलंस ना, मग आता तुला ते मिळणार नाही. असं ती धरून चालली. कधी तिला त्यांचा राग येई, एवढं काय झालं, बोलून तरी टाका. बहुतेक वेळा स्वतःची लाज वाटे. बोललं कोणीच नाही. घरातली माणसं अकरा वर्षं एकमेकांना मीठ-पाणी देत-घेत राहतात आणि एक वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर येत नाही, यावर बाहेरच्याचा विश्वास बसणार नाही.

अकराव्या वर्षी एका दुपारी बाबा बरं वाटेना म्हणून लवकर निघाले. ती घरातच होती, सुट्टी होती, कामाचे बूट ओळीने मांडून त्यांचे तळ तपासत बसली होती. दार बंद होतं. तिला खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू येत होता, पलीकडच्या घरातली शिलाई मशीन ऐकू येत होती, दोन गल्ल्या सोडून कोणीतरी पत्रा ओढत होतं तोसुद्धा ऐकू येत होता. वरच्या मजल्यावरच्या बाई बाजारातून परतल्या आणि किंचाळल्या. बाबा आठव्या पायरीवर बसले होते, भिंतीला डोकं टेकून. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी झाला असावा. लवकर आणलं असतं तर. पुढचं त्यांनी गिळलं, भला माणूस. दारापासून आठ पायऱ्या. त्यांनी हाकही मारली नव्हती, किंवा मारवली नसेल. आणि पाऊल तर वाजणारच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने चादर सोडली. लोखंड गार होतं, चामडं काळं पडलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. खिडकीशी आई मटार सोलत बसली होती. चौऱ्याऐंशीची आहे, डोळे अधू झालेत, पण बोटं डोळ्यांची वाट बघत नाहीत.

"काय काढलंस गं? भाऊसाहेब?"

"हो. स्टुडिओत न्यायचाय. तोच आवाज पुन्हा हवाय त्यांना."

आईची बोटं थांबली. "नको ना नेऊस. तुला इतका त्रास व्हायचा त्या आवाजाचा, आता या वयात कशाला?"

"मला? मला कसला त्रास?"

"आता मला काय विचारतेस?" आई म्हणाली. "यांनीच सांगितलं होतं मला. तो भाग बघितला त्या दिवशी पाहुणे गेल्यावर. म्हणाले, पोर लहानपणापासून माझ्या पावलाला घाबरायची आणि मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं ती आनंदाने दार उघडते. ती उघडायची भीती संपावी म्हणून. मनात भीती असल्याशिवाय कोणी असला आवाज काढील का, म्हणाले. म्हणून तर ते चामडं. पोरीच्या कानावर सारखं पडायला नको म्हणून."

ती म्हणाली, "आई, तू मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तुझं तुला माहीत असेल असं वाटलं," आई म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलू लागली. शेंगा फुटल्याचा बारीक आवाज येत राहिला. ती कॅलिपर मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला रडूही येत नव्हतं. चौतीस वर्षं जो राग समजून ती उराशी धरून बसली होती, तो रागच नव्हता. तो माणूस रोज सोळा पायऱ्या श्वास रोखून चढत होता, लेकीने घाबरू नये म्हणून. आणि त्याच्या मनातून ते काढून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. बाबा, मला तुमच्या पावलाएवढं काही आवडत नाही. एवढंच. चहा देता देतासुद्धा सांगता आलं असतं.

स्टुडिओ पुष्कळ बदलला होता. ध्वनिमुद्रकाच्या दाढीत पांढरं आलेलं होतं, काचेपलीकडे यंत्रांच्या रांगा होत्या, पण पावलांच्या खोलीत सगळं जुनंच. फरशी, वाळू, खडी यांचे चौकोन, चार पायऱ्यांचा लाकडी जिना, आणि कोपऱ्यात ते चौकटीतलं दार, सहा तऱ्हेच्या कड्या-कुलपं लावलेलं, ज्याच्या मागे खोलीबिली काही नाही, नुसती घोंगडी टांगलेली भिंत. "ताई, लहानपणी या आवाजाने मी पलंगाखाली जाऊन बसायचो," तो म्हणाला. "आई ओढून काढायची." मग त्याने तिला नवं चित्र दाखवलं. जिना होता, काळोख होता, दार होतं. "पायऱ्या सोळाच ठेवल्यात हं. जुन्या आवाजात सोळा आहेत म्हणून तेवढ्याच बांधल्या." म्हणजे कुठल्याशा परक्या स्टुडिओत सुतारांनी तिच्या घरचा जिना उभा केला होता, मोजून.

तिने ऊन पाणी मागितलं. बुटाचा तळ त्यात धरला. सरस सुटायला ऊन पाणी लागतं, ओढायचं नसतं, बाबांनी शिकवलं होतं, पुस्तकाला दुखतं. चामडं हळूहळू सैल झालं आणि अखंड हातात आलं. ते तिने रुमालात गुंडाळून ठेवलं. मग पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि बिजागरीला तेल घातलं. ध्वनिमुद्रक काचेतून म्हणाला, "ताई, तेल कशाला? कुरकुर हवी ना?" ती म्हणाली, "लोकांत जायचंय." त्याला काही कळलं नाही, पण त्याने आग्रह धरला नाही. तिने पट्टे बांधले, गुडघ्याशी बिजागरीची कडी अडकवली, आणि काळोख झाल्यावर चढली. चार पायऱ्या, थांबायचं, अलगद उतरायचं, पुन्हा चार. असं चारदा, मधलं उतरणं तो कापणार. गुडघा ठणकत होता. पडद्यावर काय चाललंय तिकडे तिने बघितलंच नाही. हातावर खळ वाळलीय, दिवस संपलाय, वर दिवा लागलाय, दारामागे कोणीतरी उभं आहे. टप. इथे थांबायचं, पण कोणाला घाबरवायला नव्हे, कठड्यावर अंग तोलायला. सर्र. खट्. आठव्या पायरीवर पाऊल संपलं नाही. तिथून पुढे गेलं.

दिवे लागले. काचेपलीकडे तो जोडाजोडी करत बसला, मग कानावरचं काढून तिच्याकडे वळला. "आवाज तोच आहे," तो म्हणाला. "अगदी तोच. पण ताई, राग मानू नका. भीती नाही वाटत याची. कोणीतरी घरी आल्यासारखं वाटतंय." तो अवघडला होता. "हे असं नाही वापरता येणार."

"नका वापरू," ती म्हणाली. "पण एकदा मोठ्याने लावा. इथे, या खोलीत."

त्याने लावलं. खालून कुठून तरी पाऊल निघालं. टप. सर्र, खट्. ती जिन्यावरून उतरली, भाऊसाहेब अजून पायालाच होते, पण त्यांना उचलून धरून, आवाज न करता, कोपऱ्यातल्या दाराशी जाऊन उभी राहिली. सहा, सात, आठ. नऊ. तिला वाटलं नव्हतं की नऊ ऐकताना रडू येईल. तेरा. चौदा. काचेपलीकडे तो काहीतरी विचारायला उठला आणि तसाच उभा राहिला. पंधरा. सोळा. तिने कडी काढली, दार पूर्ण उघडलं, आणि आत यायला वाट राहावी म्हणून जराशी बाजूला झाली.

"ऐकत होते ना," ती घोंगडीला म्हणाली. "रोज ऐकत होते, बाबा."